लीफ्सचा बचाव: दर वाजवी, पण मुदतीचं काय?

निळी_रेषा, मिसिसागा | १९ जुलै २०२५

मंडळी,

१ जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो, ती धावपळ आटोपली. परवा व्हँकूव्हरकडून डकोटा जोशुआही आला. ऑक्टोबरमध्ये बर्फावर उतरणारा आपला एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) संघ, टोरांटो मेपल लीफ्स, आता बराचसा दिसायला लागलाय. स्टार फॉरवर्ड मार्नरच्या व्हेगासला जाण्यावर इथे आधीच भरपूर बोलून झालंय, त्यामुळे हा धागा फक्त डिफेन्ससाठी ठेवूया.

आधी हिशोब. सगळे आकडे मिलियन अमेरिकन डॉलरमध्ये लिहितो, एक मिलियन म्हणजे दहा लाख. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरची मर्यादा, २०२५-२६ साठी ९५.५ आहे. त्यातून मॉर्गन रायलीला ७.५, जेक मकेबला ४.५१, क्रिस टॅनेव्हला ४.५, ऑलिव्हर एकमन-लार्सनला ३.५, ब्रँडन कार्लोला ३.४८५, सायमन बेन्वाला १.३५ आणि फिलिप मायर्सला ०.८५. सात जणांचे मिळून साधारण २५.७, म्हणजे कॅपचे २७ टक्के. रायन रीव्ह्जच्या बदल्यात सॅन होझेहून आलेला हेन्री थ्रन धरला तर त्यात आणखी एक मिलियन.

या दरांमध्ये मला खोट दिसत नाही. पाच मिलियनच्या वर एकटा रायली आहे. टॅनेव्ह-मकेब ही जोडी समोरच्यांच्या पहिल्या फळीला रोज सामोरी जाते आणि दोघांचे मिळून नऊच मिलियन होतात. जनरल मॅनेजर ट्रेलिव्हिंगने या बाबतीत नीट काम केलंय.

माझी काळजी मुदतीची आहे. रायली, मकेब आणि टॅनेव्ह, तिघांचे करार २०३० च्या एकाच उन्हाळ्यात संपतात. तेव्हा टॅनेव्ह ४० चा असेल, बाकीचे दोघे ३६ चे. एकमन-लार्सनचा करार २०२८ ला संपतो, तेव्हा तो ३७ ला टेकलेला असेल. एकाचं वय वाढलं तर दुसऱ्याने भार उचलावा, अशी संघाची रचना असते. इथे चौघंही एकत्रच उतरणीला लागणार.

आणि त्यांच्यामागे रांगेत कोण उभं आहे? ड्राफ्टमधला, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, २०२५ चा पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) मकेबसाठी शिकागोला गेला. २०२६ चा कार्लोसाठी बॉस्टनला गेला, तो पहिल्या पाचात आला तरच वाचणार. २०२७ चा फॉरवर्ड लॉटनसाठी फिलाडेल्फियाला. लागोपाठ तीन वर्षं पहिली फेरी नाही. आपला ड्राफ्ट केलेला डिफेन्समन पहिली तीन वर्षं एक मिलियनच्या आतल्या मूळ पगारात खेळतो, आणि कॅपच्या जगात यापेक्षा स्वस्त माल कुठेच मिळत नाही. तो आणण्याचा रस्ताच आपण २०२८ पर्यंत बंद करून ठेवलाय.

गेल्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) फ्लोरिडा पॅंथर्सविरुद्ध २-० ने पुढे असताना आपण ती मालिका सातव्या सामन्यात घालवली. पाचवा आणि सातवा, दोन्ही सामने घरच्या बर्फावर ६-१ ने गेले. आपल्या डिफेन्सने शॉट अडवले, अंगावर घेतले, त्यात कुठेही कमी पडले नाहीत. पण पॅंथर्सचा दबाव आला की पक (खेळाची चकती) आपल्या क्षेत्रातून स्वच्छ बाहेर काढणारा माणूस सापडत नव्हता. ती उणीव या उन्हाळ्यातही भरलेली नाही.

आता तुम्ही बोला.

---

स्कारबरोकर | १९ जुलै

टॅनेव्हला सहा वर्षं दिली तेव्हाही हाच सूर लागला होता. ३४ व्या वर्षी सहा वर्षं कोण देतं, वगैरे. त्याने २०२४-२५ मध्ये ७५ सामने खेळून उत्तर दिलं.

आणि यंदाचा बाजार जरा बघा. लॉस एंजलिसने कोडी सीसीला चार वर्षं, वर्षाला ४.५ दिले. तोच सीसी, जो २०१९-२० मध्ये आपल्याकडे होता आणि ज्याच्या प्रत्येक चुकीवर आख्खं शहर ओरडायचं. टॅनेव्हचाही दर ४.५ च आहे. ब्रायन डुमुलिनला तिथेच तीन वर्षं चार-चार मिलियन मिळाले. कोलंबसने प्रोव्होरोव्हला सात वर्षं ८.५ दिले, रेंजर्सने गाव्रिकोव्हला सात वर्षं ७.

टॅनेव्ह ४.५ ला आला तो सहा वर्षं मिळाली म्हणूनच. एकूण २७ मिलियनची रक्कम सहा वर्षांवर पसरली. तीनच वर्षं देऊ केली असती तर माझ्या मते तो वर्षाला सहाच्या खाली आला नसता, आणि ते दीड मिलियन आज आपल्याला कुठून तरी कापावे लागले असते. मुदत वाढवून दर खाली आणणं हे मुद्दाम केलेलं काम आहे.

---

मधुरा_पुणे | २० जुलै

मी पुण्याहून गेले दोन मोसम बघतेय, थंडीत पहाटे साडेपाचला सामना सुरू होतो. खेळ आता समजतो, पण पैशांचं गणित अजून नीट डोक्यात शिरलेलं नाही. टोरांटो तर सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक आहे ना? मग खर्च का करू शकत नाहीत? आणि एकूण रक्कम सहा वर्षांवर पसरली म्हणजे काय, पगार दरवर्षी तेवढाच मिळतो का? दादा, कोणीतरी एकदा सविस्तर लिहा.

---

अंकगणित | २० जुलै

मधुराताई, मी लिहितो.

एनएचएलमध्ये २००५ पर्यंत कॅप नव्हती. ती आणण्यावरून मालक आणि खेळाडूंमध्ये एवढं ताणलं गेलं की २००४-०५ चा आख्खा मोसम रद्द झाला. त्यानंतर २००५-०६ मध्ये पहिली कॅप आली, ३९ मिलियन. ती लीगच्या उत्पन्नाला बांधलेली आहे. खेळाडूंचा वाटा आता निम्मा धरतात. ही मर्यादा टणक आहे, म्हणजे दंड भरून ओलांडता येत नाही. त्यामुळे टोरांटोची श्रीमंती प्रशिक्षक, डॉक्टर, सोयीसुविधा इथे कामाला येते, खेळाडूंच्या पगारात नाही.

दुसरा प्रश्न. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, ही झाली कॅप हिट. हातात येणारा पगार एका वर्षी जास्त, एका वर्षी कमी असू शकतो, पण कॅपवर दरवर्षी सरासरीच मोजली जाते. टॅनेव्हचे २७ भागिले सहा, म्हणून ४.५.

आता टॅनेव्हसाठी महत्त्वाचा नियम. खेळाडू ३५ किंवा त्याहून मोठा असताना बहुवर्षीय करार केला, तर तो निवृत्त झाला तरी कॅप हिट संघाच्या डोक्यावर राहू शकते. टॅनेव्हने सही केली तेव्हा तो ३४ चा होता, वाढदिवस डिसेंबरात. त्यामुळे तो ३८ व्या वर्षी थांबला तर त्याचे ४.५ कॅपवरून पुसले जातात. धागाकर्त्यांनी २०३० पर्यंतची जी भीती मांडलीय, तिच्यातला टॅनेव्हचा भाग मला म्हणून कमी वाटतो.

आणि कॅप वाढते आहे. गेल्या मोसमात ८८ होती, आता ९५.५, पुढच्या वर्षी १०४ आणि २०२७-२८ ला ११३.५ असं लीग आणि खेळाडू संघटनेने जानेवारीतच जाहीर केलंय. टॅनेव्हचे ४.५ म्हणजे गेल्या मोसमात कॅपचे ५.१ टक्के होते, २०२७-२८ मध्ये ते ४ टक्क्यांवर येतील. रायलीचा करार सुरू झाला तेव्हा कॅप ८२.५ होती आणि तो तिच्या ९.१ टक्के होता. २०२७-२८ मध्ये तो ६.६ टक्के असेल. आकडा तोच राहतो, ओझं हलकं होत जातं.

---

निळी_रेषा | २० जुलै

अंकगणित, टक्केवारी मला पटते. पण कॅप सगळ्यांचीच वाढते आहे. प्रतिस्पर्ध्याकडे ११३.५ असतील तेव्हा तोही २४ वर्षांचा डिफेन्समन घेऊ शकेल. माझ्या ४.५ चं ओझं हलकं झालं म्हणून टॅनेव्हचे पाय तरुण होत नाहीत. प्रश्न बर्फावरच्या जागेचाही आहे. संध्याकाळी डिफेन्समन सहाच उतरतात, त्यातल्या चार जागा आपण पस्तिशीच्या आसपासच्या माणसांना देऊन ठेवल्यात.

---

जुना_प्रेक्षक | २० जुलै

डिफेन्सवर आज २७ टक्के खर्च होतोय यावरून वाद घालण्याची वेळ आली, हेच मला समाधानाचं वाटतं. काही वर्षांपूर्वी डिफेन्ससाठी पैसेच उरत नव्हते.

२०१९-२० आठवा. टवारेस ११, मॅथ्यूज ११.६३, मार्नर १०.९, नीलँडर जवळजवळ ७. चार फॉरवर्डांवर ४०.५, आणि कॅप ८१.५. निम्मा खजिना चौघांत. तेव्हाच्या जनरल मॅनेजर डुबसचा अंदाज होता की कॅप दरवर्षी चढत जाईल आणि हे करार स्वस्त वाटू लागतील. मग करोना आला, उत्पन्न बसलं आणि कॅप तीन मोसम ८१.५ वरच थांबली. त्याची किंमत डिफेन्सने मोजली.

मार्लोचा करार कॅपवरून उतरवण्यासाठी कॅरोलायनाला पहिल्या फेरीचा पिक द्यावा लागला. त्यातून त्यांना सेथ जार्व्हिस मिळाला. काद्री देऊन डिफेन्समन टायसन बॅरी आणला, तो एका मोसमात निघून गेला आणि काद्रीने २०२२ मध्ये कोलोराडोसाठी स्टॅनली कप जिंकला. हायमनला ५.५ देता आले नाहीत, तो एडमंटनला गेला आणि २०२३-२४ मध्ये त्याने ५४ गोल मारले. डिफेन्समन मझिन आणि ब्रोडी हे दोन चांगले सौदे होते, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये मझिनच्या मानेला दुखापत झाली आणि तो पुन्हा खेळू शकला नाही. २०२३ मध्ये ट्रेलिव्हिंग आल्यावर डिफेन्समन क्लिंगबर्गला एका वर्षाचे ४.१५ दिले. चौदा सामने, मग नितंबाची शस्त्रक्रिया.

२००४ नंतर थेट २०२३ मध्ये आपण प्लेऑफची पहिली फेरी जिंकलो. मधल्या सगळ्या वर्षांत मी एकच गोष्ट म्हणत आलो, की निळ्या रेषेवर, म्हणजे डिफेन्समध्ये, भरवशाची माणसं ठेवा. आता ती आहेत. त्यांना थोडं खेळू द्या.

---

स्कारबरोकर | २० जुलै

काका, +१. शब्द न् शब्द.

---

अवनी_वॉटरलू | २१ जुलै

एका मुद्द्यावर कोणीच बोललं नाही: हात. मी इथल्या महिलांच्या हौशी लीगमध्ये डिफेन्सवर खेळते, त्यामुळे हा फरक मला दर आठवड्याला जाणवतो.

उजव्या हाताने स्टिक धरणारे डिफेन्समन कमी असतात आणि म्हणून महाग असतात. उजव्या बाजूला डावखुरा खेळाडू ठेवला की बोर्डलगत आलेला पक त्याला बॅकहँडवर घ्यावा लागतो. तो वळेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. तोच पास उजव्या हाताच्या खेळाडूला फोरहँडवर मिळतो, त्याला डोकं वर काढून पुढचा पास शोधायला अर्धा क्षण जास्त मिळतो. फ्लोरिडासारखा संघ तुमच्यावर चालून येतो तेव्हा सगळा खेळ त्या अर्ध्या क्षणाचा असतो.

गेली कित्येक वर्षं लीफ्सची उजवी बाजू दुबळी होती. ब्रोडी स्वतः डावखुरा, तरी त्याला रायलीच्या उजवीकडे खेळवत होतो. आता टॅनेव्ह आणि कार्लो हे दोघं खरे उजवे आहेत, मायर्स तिसरा. टॅनेव्ह-कार्लोचे मिळून ८ मिलियनही होत नाहीत. म्हणून कार्लोसाठी तरुण फॉरवर्ड मिंटन आणि पहिल्या फेरीचा पिक गेला, याची मला हळहळ नाही. बॉस्टनने त्याच्या पगारातले १५ टक्के स्वतःकडे ठेवले, तो २८ वर्षांचा आहे आणि करार २०२७ पर्यंत आहे.

मिंटनची गोष्टही सांगते, कारण ती कॅपचीच गोष्ट आहे. २०२२ मध्ये गोलकीपर मराझेकचा करार शिकागोच्या गळ्यात घालताना आपण पहिल्या फेरीतल्या २५ व्या क्रमांकावरून ३८ व्यावर घसरलो. त्या ३८ व्या पिकवर मिंटन घेतला. आणि तोच मिंटन कार्लो आणताना कामी आला.

पण धागाकर्त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. टॅनेव्ह आणि कार्लो पक अडवणारे आहेत, पक घेऊन धावणारे नाहीत.

---

कोल्हापूरचा_हाफबॅक | २१ जुलै

मी मैदानी हॉकीतला माणूस, बर्फावरची अलीकडेच बघायला लागलो. वाचताना एक गोष्ट सारखी डोक्यात येतेय. आपल्या हॉकी इंडिया लीगमध्ये २०२४ च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कोटींची थैली होती आणि २४ खेळाडू घ्यायचे होते. त्यात सगळ्यात महाग गेला हरमनप्रीत सिंग, ७८ लाख, सूरमा क्लबकडे. म्हणजे जवळपास एक पंचमांश थैली एका बचावपटूवर. कारण उघड आहे, पेनल्टी कॉर्नरला ड्रॅगफ्लिक तो मारतो आणि गोलही तोच करतो.

तुमच्याकडे सगळ्यात जास्त पैसे मॅथ्यूजला, १३.२५. कॅपच्या १४ टक्के. बर्फावरच्या हॉकीत बचावपटूला गोलासाठी असे पैसे मिळत नाहीत का?

---

अंकगणित | २१ जुलै

मिळतात, आणि ते गोलांपेक्षा पॉइंट्ससाठी (स्वतःचे गोल अधिक गोलाला दिलेले पास) मिळतात. तिथे पेनल्टी कॉर्नर तसा इथे पॉवर प्ले. समोरचा खेळाडू शिक्षेच्या खोक्यात बसला की पाच विरुद्ध चार. निळ्या रेषेवर उभं राहून तो खेळ फिरवणारा डिफेन्समन सोन्याच्या भावाने जातो. कोलोराडोचा केल मकार ९, व्हँकूव्हरचा क्विन ह्यूज ७.८५, पिट्सबर्गकडे कार्लसनचा मूळ करार ११.५ चा. याच उन्हाळ्यात माँट्रियलने नोआ डॉब्सनला आठ वर्षं ९.५ दिले.

आपल्याकडे त्या पैशांचा माणूस म्हणजे रायली. २०१८-१९ मध्ये ७२ पॉइंट्स, त्यात २० गोल. गेल्या मोसमात ४१.

---

योंग_आणि_ब्लूर | २१ जुलै

आता खऱ्या विषयावर आलात. टॅनेव्हवर दोन दिवस वाद कशाला? ७.५ मिलियन रायलीवर आहेत आणि तिथेच सगळ्यात मोठी गळती आहे.

गेल्या मोसमात प्रशिक्षक बरूबीने पहिल्या पॉवर प्लेवर पाच फॉरवर्ड उतरवले. डिफेन्सचा सर्वाधिक पगार घेणारा माणूस ज्या कामासाठी तो पगार घेतो, तेच काम त्याच्याकडून काढून घेतलं. मग ७.५ कशाचे? ३१ वर्षांचा आहे, पाच वर्षं बाकी आहेत. आजच्या बाजारात, कॅप चढत असताना, त्याला घेणारा संघ नक्की सापडेल. ते ७.५ मोकळे करा आणि पक घेऊन धावणारा २५ च्या आतला कोणीतरी आणा. रायलीवर माझं प्रेम आहे, २०१२ च्या ड्राफ्टपासून तो आपला आहे, पण प्रेमापोटी कॅप चालवता येत नाही.

---

स्कारबरोकर | २१ जुलै

त्याच्या करारात नो-मूव्ह क्लॉज आहे. तो हो म्हणाल्याशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नाही, अगदी मार्लीज या आपल्या दुय्यम संघाकडेही नाही. आणि मार्लीजकडे पाठवता आलं असतं तरी त्याने कॅपवरून जेमतेम १.१५ उतरले असते, बाकीचे आपल्याच माथी.

दुसरं म्हणजे रायली देऊन तसाच पक फिरवणारा दुसरा कुठून आणणार? प्रोव्होरोव्हला ८.५ पडले हे वर लिहिलंय. रायली ७.५ ला महाग वाटतो, पण तो गेल्यावर त्याच कामाची किंमत साडेआठ-नऊ आहे. डिफेन्समन एकब्लाड फ्लोरिडात ६.१ ला राहिला, हे कोणी सांगू नका. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही. ऑन्टारिओत वरच्या टप्प्यावर ५३ टक्क्यांहून जास्त कर जातो. तेवढ्याच पैशांत आपल्याकडे कोणी येणार नाही.

---

योंग_आणि_ब्लूर | २१ जुलै

क्लॉज आहे म्हणून विचारायचंच नाही का? विचारलं तर खेळाडू कधीकधी हो म्हणतात. मार्नरने मार्चमध्ये दुसऱ्या संघात जायला नाही म्हटलं आणि जूनअखेर स्वतःच्या मर्जीने व्हेगासला गेला. वेळ बदलली की उत्तर बदलतं.

---

अवनी_वॉटरलू | २१ जुलै

योंग_आणि_ब्लूर, पाच फॉरवर्डांच्या मुद्द्यात एक गोष्ट सुटतेय. त्या पॉवर प्लेची सूत्रं मार्नरच्या हातात होती. तो आता नाही. निळ्या रेषेवरची ती जागा यंदा पुन्हा रिकामी आहे, आणि संघात ती भरू शकणारे दोनच जण आहेत, रायली आणि एकमन-लार्सन. मार्नर आणि रायली दोघंही एकाच उन्हाळ्यात घालवले तर पक खालून वर नेणार कोण? कार्लोबरोबर रायली प्लेऑफमध्ये मोकळेपणाने खेळला, कारण मागे राहणारा माणूस त्याला पहिल्यांदाच मिळाला. ती जोडी आधी आख्खा मोसम एकत्र बघू दे, मग बोलू.

---

मधुरा_पुणे | २२ जुलै

फार छान समजतंय, सगळ्यांचे आभार. काकांनी मझिनचं लिहिलं तेव्हा आठवलं: जखमी खेळाडूचे पैसे कॅपवर मोजत नाहीत असं ऐकलंय. मग टॅनेव्ह ३८ व्या वर्षी जखमी झाला तर तेही असंच सुटेल का?

---

अंकगणित | २२ जुलै

मोजतात, पण सूट मिळते. खेळाडू किमान दहा सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर त्याला एलटीआयआर (दीर्घकाळ जखमी) यादीत टाकता येतं. मग त्याच्या कॅप हिटएवढी रक्कम संघ कॅपच्या वर खर्च करू शकतो. मझिनच्या बाबतीत आपण तेच केलं. करार संपेपर्यंत तो त्या यादीत होता.

या सुटीतून एक मोठी पळवाट निघाली होती. प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती. २०२१ मध्ये कुचेरोव टॅम्पासाठी साखळीत एकही सामना खेळला नाही, त्याची जागा आणि त्याचे पैसे इतरांनी वापरले, मग तो थेट प्लेऑफला उतरला आणि त्यांनी कप जिंकला. जल्लोषात त्याने अंगात घातलेल्या टी-शर्टवर कॅपच्या १८ मिलियन वर असल्याचं लिहिलं होतं.

या महिन्यात झालेल्या नव्या सामंजस्य करारात ही वाट बंद होतेय. प्लेऑफच्या सामन्याला उतरणाऱ्या वीस जणांची बेरीज आता कॅपच्या आत बसवावी लागेल. कमाल मुदतही कमी होतेय, स्वतःच्या खेळाडूला आठऐवजी सात वर्षं, बाहेरच्याला सातऐवजी सहा.

ही गोष्ट आपल्या बाजूने आहे असं मला वाटतं. आपल्या डिफेन्समध्ये एकही अवाढव्य करार नाही. सातही जण २५.७ मध्ये बसतात. ज्यांनी दोन डिफेन्समनवर वीस मिलियन घातलेत, त्यांना एप्रिलमध्ये वीस जण बसवताना घाम फुटेल.

---

निळी_रेषा | २२ जुलै

बरंच काही आलं, आता माझं म्हणणं नेमकं करतो.

टॅनेव्ह, मकेब, कार्लो यांच्यापैकी कोणाचाही करार मला रद्द झालेला नकोय. मकेब तर कौतुकाचाच विषय आहे. शिकागोने निम्मा पगार उचलला म्हणून तो सव्वादोन मोसम दोन मिलियनला खेळला, आणि नवा करार ४.५१ चा झाला तेव्हाही त्याने बाजारभाव मागितला नाही. बेन्वाला १.३५ मध्ये ओटावात ओव्हरटाइमचा गोल मारताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. रायलीबद्दल मी अवनीच्या बाजूने आहे, यंदा तो हवा.

पण ट्रेलिव्हिंगने आता दोन गोष्टी पाळाव्यात. एक, मार्चमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की बेन डॅनफर्डचं नाव कोणत्याही सौद्यात येऊ नये. २०२४ च्या पहिल्या फेरीत ३१ व्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा उजव्या हाताचा डिफेन्समन आहे, ओशावामध्ये खेळतो. आपल्याकडे पहिल्या फेरीतला त्याच्या वयाचा दुसरा डिफेन्समन नाही आणि २०२८ पर्यंत येणारही नाही. समोरून कितीही मोठं नाव आलं तरी तो द्यायचा नाही.

दोन, रायली, मकेब आणि टॅनेव्ह २०३० मध्ये एकत्र संपतात, तर चौथा करार त्याच उन्हाळ्यात नेऊन ठेवू नये. तिशी ओलांडलेल्यांचे करार वेगवेगळ्या वर्षी संपू देत. मग दरवर्षी एक जागा रिकामी होईल आणि एक तरुण आत येऊ शकेल.

---

जुना_प्रेक्षक | २२ जुलै

डॅनफर्डबद्दल अनुमोदन. पण त्याला घाईने वर आणू नका. या शहराने घाईत पुष्कळ पोरं वाया घालवलीत. दोन वर्षं मार्लीजमध्ये खेळू द्या, टॅनेव्ह खेळतोय तोवर त्याच्याकडून शिकू द्या. टॅनेव्हच्या ४.५ मध्ये ही शिकवणीही धरा.

---

स्कारबरोकर | २२ जुलै

दुसऱ्या मुद्द्यावर विचारतो. कार्लोचा करार २०२७ ला संपतो, तेव्हा तो ३० चा असेल आणि कॅप ११३.५. सीसीला ४.५ मिळत असतील तर कार्लो सहाच्या खाली सही करणार नाही. २०३० टाळायचं म्हणून त्याला दोनच वर्षं देऊ करणार का? तो दुसरीकडे जाईल.

---

निळी_रेषा | २२ जुलै

दोन नको, पाच द्या. २०३२ पर्यंत. तो तेव्हा ३५ चा असेल. वर्षाला सहा दिले तरी ११३.५ च्या साडेपाच टक्क्यांच्या आतच बसतात. मकेब-टॅनेव्ह जातील तेव्हा मधे एक अनुभवी माणूस राहील आणि शेजारी डॅनफर्ड उभा असेल. सात वर्षं मागितली तर मात्र हात जोडायचे.

---

मधुरा_पुणे | २३ जुलै

कार्लोशी हे बोलणं कधीपासून करता येतं? २०२७ पर्यंत थांबावं लागतं का?

---

अंकगणित | २३ जुलै

नाही. कराराचं शेवटचं वर्ष सुरू झालं की वाढीव करारावर सही करता येते, म्हणजे १ जुलै २०२६ पासून. त्या दिवशी बाकीचे संघ मोकळ्या खेळाडूंच्या मागे धावत असतात. ट्रेलिव्हिंगने पहिला फोन कार्लोच्या एजंटला लावावा.